तोडणकरांचं जोडकाम

आडनाव तोडणकर,
आणि आयुष्य गेलं जोडण्यात.
कुर्ल्याला, नेहरूनगरात, जिन्याखालच्या गाळ्यात
मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन,
आणि लग्नात आलेला, कधीच न वापरलेला टोस्टर,
जो लोक वीस वर्षांनी घेऊन येतात
आणि विचारतात, चालेल का हो?

वरच्या मजल्यावरची ऋजुता म्हणाली,
काका, तुम्ही समजावता छान, व्हिडिओ टाका.
तिच्या इस्त्रीची कॉइल मी तीनदा बदललीय,
तेव्हा हा सल्ला फुकटचा नव्हे,
थोडी फेड आहे.

मोबाइल टेकवला सोल्डरच्या डब्याला.
मिक्सर उघडला, कार्बन ब्रश दाखवले.
सत्तावीस मिनिटं.
त्यातली अकरा विमानांची.
आमच्या डोक्यावरून उतरतात ती,
चाकं मोजता येतील इतकी खाली.

आता कापायचं कशाने?

पहिलं सॉफ्टवेअर उघडलं
आणि मी खुर्ची मागे सरकवली.
बटणं, बटणांखाली बटणं,
जणू त्याच विमानाचं पुढचं दार उघडून
कुणी म्हणालं, बसा, चालवा.

दुसरं सोपं होतं. पण शेवटी माझ्या कपाळावर
स्वतःचं नाव छापून गेलं,
आहेराच्या भांड्यावर घालतात तसं.
भांडं माझं, नाव त्याचं.

तिसरं म्हणालं, सात दिवस मोफत.
आठव्या दिवशी काय, ते बारीक अक्षरात.
चष्मा लावून वाचलं आणि मिटवलं.

चौथ्याने कॉम्प्युटरच तापवला.
आतला पंखा असा ओरडला
की माझा हात आपसूक
स्क्रू ड्रायव्हरकडे गेला.

लोहार चाळीत याकूबभाईंनी
पहिल्या दिवशी मल्टिमीटर दिला नव्हता मला.
एक टेस्टर दिला, एक पक्कड.
यात दिसतं तेवढं आधी बघ, म्हणाले.
चुकलो की पकडीचं बूड बोटांवर.

पाचवं, ऋजुताच्या धाकट्या भावाच्या फोनमधलं.
एक कातर.
एक जोडायची खूण.
आणि मागे वळलेला बाण.
बाण कशाला रे?
चुकलं तर परत, काका.

चुकलं तर परत!
दोनशे तीस व्होल्टमध्ये हे बटण नसतं.
पंधरा वेळा दाबून पाहिला मी तो बाण.
कापलेलं येत होतं, पुन्हा जात होतं,
दुखत नव्हतं कुणालाच.

हेच घेतलं.

विमानं काढली.
माझे 'म्हणजे' काढले, एकूण चौसष्ट.
शैलाचं "पोळ्या गार होतायत" काढलं.
तिने पाहिलं, म्हणाली, बरं केलंत,
माझा आवाज चिरका येतो.

मग आलं मूळचं एकोणिसावं मिनिट.
बोलण्याच्या नादात
दोन उघड्या वायरी चिकटल्यात माझ्या हातून.
फट्.
ठिणगी, धूर, सगळ्या विंगचे दिवे गेलेले,
आणि अंधारात माझी अस्सल मालवणी शिवी.

ऋजुता म्हणाली, हे आधी काढा, काका. लोक हसतील.
काढलं.
व्हिडिओ अगदी स्वच्छ झाला,
जणू हा माणूस जन्मला तोच
मिक्सर खोलत.

बघणारा कोण असेल?
असेल एखादी, वाड्याला नाहीतर मालवणीला,
पहिल्यांदा झाकणाचे चार स्क्रू काढून
ते बशीत ठेवून बसलेली,
छातीत धडधड,
घरातलं कुणी उठायच्या आत
सगळं जागेवर लावायचंय.
तिच्याकडे बाण नाही.

मी बाण दाबला.
ठिणगी परत आली, धूर आला, अंधार आला.
शिवी तेवढी कापली.

पहिलं अक्षर राहिलंय तिचं.
पुढच्या वेळी जमेल.